एक कार्ड, दोन डॉलर : विंडसर आणि लिव्होनिया येथील कॉस्टको

कॉस्टको या सभासदत्वावर चालणाऱ्या घाऊक दुकानांच्या साखळीच्या साध्या सभासदत्वाची वार्षिक वर्गणी १ सप्टेंबर २०२४ रोजी ६० डॉलरवरून ६५ डॉलर झाली. अमेरिकेत ती ६५ झाली आणि कॅनडातही ६५च झाली. सीमेपलीकडचे डॉलर अमेरिकी आणि आमच्या अलीकडचे कॅनेडियन, एवढाच काय तो फरक. एका अमेरिकी डॉलरला १.३८ कॅनेडियन डॉलर हा अलीकडचा दर धरला (या लेखातले सर्व हिशेब त्याच दराने केले आहेत), तर कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या आमच्या विंडसरची वर्गणी अमेरिकी चलनात जेमतेम ४७ डॉलर पडते. कार्ड मात्र एकच आहे आणि ते जगातल्या कोणत्याही कॉस्टकोत चालते. नदीपलीकडे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या नोव्हाय येथे माझी धाकटी बहीण राहते. तिचे नेहमीचे दुकान म्हणजे लिव्होनियाचे कॉस्टको, आणि गेली आठ वर्षे महिन्या-दोन महिन्यांनी तिच्याकडे जाताना मीही तिथे खरेदी करत आलो आहे. "कॅनडात पगार कमी आणि महागाई जास्त, मग तिथे राहता कशाला?" हा प्रश्न पुण्यातले नातेवाईक आणि अमेरिकेतले मित्र सारख्याच उत्साहाने विचारतात. दोन्ही दुकानांची बिले शेजारी शेजारी ठेवल्यावर या प्रश्नाचे उत्तर कितपत मिळते, हे तपासून पाहावे म्हणून हे परीक्षण लिहिले आहे.

प्रथम दुकानांविषयी. विंडसर हे शहर डेट्रॉइटच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे कॅनडातून अमेरिकेत जाण्यासाठी आम्हांला उत्तरेकडे गाडी हाकावी लागते. नकाशा दाखवल्याशिवाय हे कोणालाही पटत नाही. मध्ये डेट्रॉइट नदी आहे. ती ओलांडायला १९२९ सालचा अँबॅसडर पूल आणि १९३० सालचा बोगदा आहे. विंडसरचे दुकान वॉकर रोडवर आहे आणि दारातून आत शिरल्यावर आपण कोणत्या देशात आहोत हे पहिली दोन मिनिटे तरी कळत नाही: समोर टीव्हीच्या भिंती, मधोमध कपड्यांचे ढीग, अगदी मागे दूध, मांस आणि भाजी, म्हणजे दुधाच्या पिशवीसाठी आलेल्या माणसाला सबंध दुकानाची प्रदक्षिणा घडावी अशी व्यवस्था. मग वेष्टनांवरची फ्रेंच दिसू लागते, खाद्यविभागात पुटीन या कॅनेडियन खाद्यपदार्थाचा फलक दिसतो आणि आपण अलीकडे असल्याची खात्री पटते. व्यवहाराची एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. विंडसरच्या दुकानात क्रेडिट कार्डांपैकी मास्टरकार्ड चालते, लिव्होनियाला व्हिसा चालते. भरलेली ट्रॉली घेऊन काउंटरवर पोहोचल्यानंतर हे समजणे बरे नव्हे. बासमती, कणीक, बदाम, पिस्ते हे जिन्नस दोन्हीकडे चांगले आणि भारतीय दुकानांपेक्षा बहुधा स्वस्त मिळतात, पण तूरडाळ, पोहे आणि साबुदाणा यांसाठी भारतीय दुकान गाठण्यावाचून गत्यंतर नाही. माणसे दोनच असतील तर पाच किलो कांद्यांची पिशवी स्वस्त ठरत नाही, कारण तिच्यातले शेवटचे किलोभर कांदे कोंब फुटल्यावर कचऱ्यातच जातात. चौघांच्या कुटुंबाला मात्र सभासदत्वाचे पैसे सहज वसूल होतात.

गेल्या हिवाळ्यात आठ दिवसांच्या अंतराने मी दोन्ही दुकानांत एकच यादी घेऊन गेलो. तांदूळ, कणीक, तेल, साखर, बटाटे, कांदे, सफरचंदे, बदाम, ब्रेड, कॉफी, कपड्यांचा साबण, दूध, लोणी, चीज, अंडी अशी ती सगळी वीस जिनसांची यादी होती आणि वजने शक्य तितकी जुळवून घेतली होती. विंडसरचे बिल २८७ कॅनेडियन डॉलर झाले, लिव्होनियाचे २३१ अमेरिकी डॉलर. बँकेच्या दराने पाहिले तर लिव्होनियाचे बिल ३१९ कॅनेडियन डॉलरचे, म्हणजे कॅनडाच स्वस्त. पण हा निष्कर्ष घाईचा आहे, कारण बहीण अमेरिकी डॉलरांत कमावते आणि मी कॅनेडियन डॉलरांत. तिला तिचे डॉलर बदलून खरेदी करायची नाही. तिच्या एका डॉलरला जे येते ते घ्यायला मला माझे किती डॉलर मोजावे लागतात, हा खरा प्रश्न असून या यादीपुरते त्याचे उत्तर १.२४ येते. देशादेशांतल्या खरेदीशक्तीची तुलना करणाऱ्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचा कॅनडासाठीचा आकडाही १.२च्या आसपासच फिरत असतो. माझ्या पगाराचा आकडा बहिणीच्या पगाराच्या आकड्यापेक्षा पाचवा-चौथा हिस्सा मोठा असेल, तरच आम्ही दोघे बाजारात सारख्या ऐपतीने उभे राहू, असा या १.२चा अर्थ होतो. प्रत्यक्षात बहुतेक पेशांत कॅनडातला आकडा मोठा नसतोच. तो सारखा असतो किंवा लहान असतो.

यादीतून दूध, लोणी, चीज आणि अंडी बाजूला काढली तर विंडसरचे बिल २२९ आणि लिव्होनियाचे १९६ राहते, म्हणजे प्रमाण १.१७पर्यंत उतरते, उरलेल्या चार जिनसांचे प्रमाण मात्र १.६६ येते. याचे कारण दुकान नव्हे, कॅनडाची पुरवठा-नियंत्रण व्यवस्था आहे. १९७०च्या दशकापासून इथे दूध, अंडी आणि कोंबडी यांचे उत्पादन कोट्याने ठरते, शेतकऱ्याला उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव मिळतो आणि बाहेरचा माल रोखण्यासाठी ठरावीक मर्यादेपलीकडच्या आयातीवर जबर शुल्क असते; लोण्यावर ते जवळपास ३०० टक्के आहे. मराठी घरात ही गोष्ट कळायला अर्थशास्त्र लागत नाही, घरचे तूप पुरते. आमच्याकडे दर सहा-सात आठवड्यांनी चार पौंड बिनमिठाचे लोणी जाड बुडाच्या पातेल्यात कढते, वर फेस येऊन शमतो, बेरी तांबूस झाली की गॅस बंद होतो आणि जवळपास दीड किलो तूप बरणीत उतरते. लिव्होनियाला चार पौंडांचा खोका १३ डॉलरच्या आसपास मिळतो, म्हणजे आपले १८. विंडसरला तेवढ्याच लोण्याला २३ कॅनेडियन डॉलर पडतात. मग पलीकडूनच का आणू नये? तर सीमेवर माणशी २० कॅनेडियन डॉलरचेच दुग्धपदार्थ सवलतीत आणता येतात. एकदा खिडकीतल्या अधिकारी बाईंनी लोण्याची किंमत विचारली, मी "तेरा" म्हणालो, आणि त्यांनी मान वर न करता विचारले, "कोणते डॉलर?" अठरा, असे मी मुकाट्याने दुरुस्त केले.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही बहिणीच्याच स्वयंपाकघरात दिसली. बर्ड फ्लूमुळे अमेरिकेत कोट्यवधी कोंबड्या माराव्या लागल्या आणि मार्च २०२५मध्ये तिथल्या अंड्यांचा सरासरी भाव डझनाला ६.२३ डॉलरवर गेला. त्याच महिन्यात वॉकर रोडवर अंडी नेहमीच्या भावात नेहमीच्या जागी होती, कारण कॅनडातली अंड्यांची शेते लहान आणि विखुरलेली आहेत. एक बंद पडले तर बाजार हलत नाही. एरवी आमच्या दुधा-लोण्याच्या बिलावर हसणाऱ्या बहिणीने त्या महिन्यात फोनवर अंड्यांचा विषय काढला नाही.

कॉस्टकोचा १९८५ सालापासून दीड डॉलरवर थांबलेला हॉटडॉग हा या दुकानाचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ आहे. तो बीफचा असल्याने आमच्या घरात खाल्ला जात नाही, पण करांच्या अभ्यासाला त्याच्याइतके सोयीचे दुसरे उदाहरण नाही. सोबतच्या पेयासह त्याची किंमत अमेरिकेत दीड अमेरिकी डॉलर आणि कॅनडात दीड कॅनेडियन डॉलर आहे. ऑन्टॅरिओचा विक्रीकर १३ टक्के आहे आणि मिशिगनचा ६ टक्के, हे ऐकून पाहुणे हळहळतात. परंतु ऑन्टॅरिओत चार डॉलरपर्यंतच्या तयार खाद्यपदार्थावर फक्त ५ टक्केच कर लागतो, त्यामुळे विंडसरला १.५८ होतात आणि लिव्होनियाला १.५९. कॅनडाने २०१३ साली सेंटचे नाणे वितरणातून काढून घेतल्यामुळे रोख देणाऱ्याला १.६० मोजावे लागतात, ही गंमत वेगळीच. कच्च्या वाणसामानावर दोन्हीकडे कर नाही. टीव्ही, गादी, टायर अशा मोठ्या खरेदीला मात्र १३ आणि ६ यांतला फरक चांगलाच जाणवतो.

पेट्रोलचे थोडक्यात सांगतो. विंडसरच्या पंपावर लिटरला १.३० लिहिलेले असते तेव्हा गॅलनचे ४.९२ कॅनेडियन, म्हणजे ३.५७ अमेरिकी डॉलर होतात. त्याच सुमारास लिव्होनियाला तीन डॉलरच्या आसपास भाव असतो. एप्रिल २०२५मध्ये कॅनडात ग्राहकांच्या इंधनावरचा कार्बन-आकार रद्द झाल्यापासून हे अंतर कमी झाले आहे. बोगद्याचा टोल धरला तर केवळ पेट्रोलसाठी पलीकडे जाण्यात हशील नाही.

आता पगाराकडे वळतो, कारण ट्रॉलीत काय पडते हे शेवटी त्यावरच ठरते. मी विंडसरमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता आहे. मेहुणे डेट्रॉइटच्या परिसरात वाहनांच्याच सॉफ्टवेअरचे काम करतात. शिक्षण सारखे, अनुभव त्यांचा दोन वर्षांनी कमी आणि पगाराचा आकडा त्यांचा माझ्यापेक्षा मोठा, शिवाय तो अमेरिकी. "कॅनडात निम्मा पगार करातच जातो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की एकदा २०२५चे दर घेऊन हिशेब मांडला. ऑन्टॅरिओत एकट्या माणसाला वर्षाला १ लाख कॅनेडियन डॉलर मिळत असतील तर केंद्राचा आणि प्रांताचा कर, कॅनडा पेन्शन प्लॅन आणि बेकारी विम्याची वर्गणी जाऊन त्याच्या हाती सुमारे ७४ हजार उरतात. मिशिगनमध्ये एकट्या माणसाला १ लाख अमेरिकी डॉलर मिळत असतील तर केंद्राचा कर, सोशल सिक्युरिटी व मेडिकेअर या सरकारी योजनांची वर्गणी आणि राज्याचा ४.२५ टक्के कर जाऊन सुमारे ७५ हजार उरतात. म्हणजे या पातळीवर कराचा बोजा जवळजवळ सारखाच आहे. लग्न झाल्यावर आणि पगार वाढल्यावर वाटा फुटतात: अमेरिकेत नवरा-बायको एकत्र विवरणपत्र भरू शकतात, त्यामुळे एकाच्या कमाईवर चालणाऱ्या घराला मोठा दिलासा मिळतो, कॅनडात प्रत्येकाचे विवरणपत्र वेगळे असते आणि ऑन्टॅरिओतला सर्वांत वरचा दर ५३.५३ टक्क्यांपर्यंत चढतो. सॉफ्टवेअरमध्ये दोन-अडीच लाख कमावणाऱ्यांनी कॅनडाच्या करांविषयी तक्रार केली तर ती रास्त आहे. इतरांनी केली तर आधी विवरणपत्र पाहायला मागावे.

खालच्या टोकाला चित्र निराळे आहे. ऑन्टॅरिओतले किमान वेतन ऑक्टोबर २०२५पासून तासाला १७.६० कॅनेडियन डॉलर आहे, मिशिगनचे जानेवारी २०२६पासून १३.७३ अमेरिकी डॉलर. बँकेच्या दराने ऑन्टॅरिओचे १२.७५ होतात आणि मिशिगनचा कामगार पुढे दिसतो. पण बाजारातल्या १.२च्या दराने मिशिगनचे वेतन साडेसोळा कॅनेडियन डॉलरच्या मोलाचे ठरते आणि ऑन्टॅरिओचा कामगार पुढे जातो. त्यातही मिशिगन हे बरे राज्य आहे. अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन जुलै २००९पासून ७.२५ डॉलरवरच थांबलेले आहे आणि ज्या राज्यांनी स्वतःचे वाढवले नाही तिथे आजही तेच लागू आहे. "सरासरी अमेरिकी माणूस सरासरी कॅनेडियनापेक्षा किती श्रीमंत?" या वादात अमेरिकेच्या जनगणना विभागाचा २०२३ सालचा ८०,६१० डॉलर हा घरटी मध्यक उत्पन्नाचा (निम्मी घरे त्याच्या वर, निम्मी खाली) आकडा आणि स्टॅटिस्टिक्स कॅनडाचा २०२२ सालचा ७०,५०० डॉलर हा आकडा नेहमी शेजारी ठेवले जातात. पहिला आकडा कर भरण्यापूर्वीचा आहे आणि दुसरा कर भरल्यानंतरचा. शिवाय चलने वेगळी आणि कुटुंब मोजण्याची रीतही वेगळी. इतक्या विजोड मापांवर वाद घालण्यापेक्षा लोण्याचा खोका बरा.

दोन्ही दुकानांतल्या औषधांच्या काउंटरला सभासदत्व लागत नाही, ही या सेवेतली सर्वांत कमी ठाऊक असलेली सोय आहे, आणि दोन्ही देशांच्या हिशेबातला सर्वांत मोठा फरकही इथेच उघड होतो. इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरँटोत लागला आणि त्याचे पेटंट १९२३ साली टोरँटो विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला दिले गेले. शंभर वर्षांनी तेच इन्सुलिन विकत घ्यायला अमेरिकी रुग्ण कॅनडात येत होते. जुलै २०१९मध्ये सिनेटर बर्नी सँडर्स मधुमेहींच्या एका बसबरोबर डेट्रॉइटहून आमच्या विंडसरला आले होते; इथे ते औषध तिथल्या सुमारे एक दशांश किमतीत मिळत होते. २०२३ साली एली लिली कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या प्रमुख इन्सुलिनच्या किमती ७० टक्क्यांनी उतरवल्यानंतर ते अंतर बरेच घटले आहे. तरी मेहुण्यांचे रक्तदाबाचे औषध नोकरी बदलताना मधल्या महिन्यात विम्याविना घ्यावे लागले, तेव्हा त्यांनी काउंटरवर किंमत दोनदा विचारली होती. कॅनडातही औषधे फुकट नाहीत. ऑन्टॅरिओच्या सरकारी आरोग्य विम्यात नोकरी करणाऱ्या प्रौढाची औषधे, दात आणि चष्मा येत नाहीत. ते नोकरीतल्या खासगी विम्यातून किंवा खिशातून भागवावे लागते.

डॉक्टर आणि रुग्णालयाचे मात्र तसे नाही. केएफएफ या संस्थेच्या २०२४च्या पाहणीनुसार अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक आरोग्य विम्याचा वार्षिक हप्ता सरासरी २५,५७२ डॉलर होता आणि त्यातले ६,२९६ कामगाराच्या पगारातून कापले जात होते. वर दाखवलेल्या ७५ हजारांतून संसारी माणसाला हे आणखी वजा करायचे असतात, आणि त्यानंतरही उपचाराच्या वेळी स्वतःचा वाटा भरायचा असतोच. भाच्याचे मनगट झोपाळ्यावरून पडून मोडले तेव्हा तिथल्या एका रुग्णालयात त्याला चाळीस मिनिटांत प्लास्टर घातले गेले. मग पाकिटे येऊ लागली: पहिले रुग्णालयाचे, दुसरे डॉक्टरांचे, तिसरे क्ष-किरण चित्र वाचणाऱ्याचे, आणि तीन महिन्यांनी, प्लास्टर निघाल्यावर, चौथे अस्थितज्ज्ञाचे. विमा चांगला असूनही दोन हजारांच्या वर डॉलर गेले. माझ्या मुलीचे कोपर सुटले तेव्हा इथल्या आपत्कालीन कक्षात आम्ही साडेसहा तास बाकावर बसलो, तिला भूक लागली, ती रडून झोपली, आणि शेवटी डॉक्टर आले तेव्हा काम चार मिनिटांचे निघाले. पाकीट एकही आले नाही. पण माझ्या गुडघ्याच्या एमआरआयला पाच महिने थांबावे लागले आणि मेहुण्यांचा आठवड्यात झाला, हेही त्याच हिशेबात मांडायला हवे. लंगडत काढलेल्या पाच महिन्यांची किंमत कोणत्या डॉलरांत लावायची, ते मला ठरवता आलेले नाही.

घराविषयी विंडसर फार काळ भाग्यवान होते. २०१५च्या आसपास दोन-सव्वादोन लाखांत मिळणारी घरे आता साडेपाच लाखांच्या पुढेमागे आहेत. टोरँटोतून हुसकावले गेलेले लोक इथवर पोहोचले, त्याचा हा परिणाम. नोव्हायही स्वस्त नाही, तिथल्या शाळांसाठी भारतीय कुटुंबे रांग लावून असतात. खरा भेद कर्जात आहे. बहिणीने २०२१ साली ३० वर्षांसाठी तीन टक्क्यांच्या आत व्याज बांधून घेतले, ते २०५१पर्यंत हलणार नाही. कॅनडात कर्ज २५ वर्षांत फेडायचे असले तरी व्याजाचा करार बहुधा पाचच वर्षांचा असतो. आम्ही २०२० साली दोन टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतले, मधल्या काळात बँक ऑफ कॅनडाचा दर ०.२५वरून ५ टक्क्यांवर जाऊन खाली आला, आणि २०२५मध्ये आमचा करार चार टक्क्यांच्या वर नव्याने झाला. महिन्याचा हप्ता जितका वाढला तितक्यात आमची कॉस्टकोची निम्मी ट्रॉली भरली असती.

मुले लहान असताना पारडे उलटे फिरते. ऑन्टॅरिओत सरकारी योजनेतल्या पाळणाघरांचे शुल्क जानेवारी २०२५पासून दिवसाला कमाल २२ डॉलर आहे, म्हणजे महिन्याला पाचशेच्या आत. बहीण नोव्हायला महिन्याला १,४०० अमेरिकी डॉलर भरत होती. जागा मिळणे हे मात्र वेगळे प्रकरण आहे, आम्ही मुलीचे नाव तिच्या जन्माआधी नोंदवले होते. बाळंतपणानंतर माझी पत्नी वर्षभर घरी होती आणि बेकारी विम्यातून पगाराच्या ५५ टक्के रक्कम, मर्यादेत का होईना, येत होती. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १२ आठवड्यांची बिनपगारी रजा आहे आणि तीही सर्वांना नाही. त्याशिवाय कॅनडा चाइल्ड बेनिफिट म्हणून सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला कमाल ७,९९७ डॉलर (२०२५-२६चा आकडा), करमुक्त, उत्पन्नानुसार कमी होत जाणारे, थेट खात्यात जमा होतात. आमच्या उत्पन्नाला त्यातला थोडाच भाग मिळतो, तरी डायपरचे खोके त्यातून सुटले.

भारतीय कुटुंबाच्या बाबतीत आणखी एक खर्च असतो जो कोणत्याच बिलावर छापला जात नाही. मेहुणे २०१४पासून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत आणि ग्रीन कार्डाच्या भारतीय रांगेत उभे आहेत. नोकरी गेली तर नवी शोधायला साठ दिवस मिळतात. त्यांनी घर घेतले, पण दिवाणखान्याच्या भिंती अजून रंगवलेल्या नाहीत. माझा पगार लहान आहे आणि माझे नागरिकत्व झाले आहे. विंडसरमध्ये अमेरिकी पगार आणि कॅनेडियन नागरिकत्व या दोन्हींचा मेळ घालणारा एक वर्ग आहे: रोज सकाळी बोगद्यातून डेट्रॉइटच्या रुग्णालयांत कामाला जाणाऱ्या परिचारिका. कॅनेडियन नागरिकांना मिळणाऱ्या टीएन या अमेरिकेत काम करण्याच्या परवान्यावर त्या अमेरिकी डॉलर कमावतात, दोन्ही देशांत विवरणपत्र भरतात, कराराप्रमाणे तिथे भरलेल्या कराची इथे वजावट घेतात आणि वॉकर रोडवर कॅनेडियन डॉलरांत वाणसामान भरतात. माझ्या शेजारणीची ट्रॉली पाहिली की हेवा वाटतो. पहाटे पाच वाजता बर्फात तिची गाडी सुरू होताना ऐकली की वाटत नाही.

दोन दुकानांपैकी कोणते चांगले, असे विचारणाऱ्यांसाठी : माल, स्वच्छता, परत घेण्याची सोय यांत डावे-उजवे नाही. विंडसरला मी पाचपैकी चार गुण देईन, लिव्होनियाला साडेचार. तो अर्धा गुण लोण्याच्या खोक्याचा आहे. वरच्या दर्जाचे, १३० डॉलरचे सभासदत्व घ्यावे का, याचे गणित सोपे आहे. त्यावर खरेदीचे दोन टक्के परत मिळतात, तेव्हा जादाचे ६५ भरून काढायला वर्षाला ३,२५० डॉलरची, म्हणजे महिन्याला २७० डॉलरची खरेदी व्हायला हवी. हा आकडाही दोन्ही देशांत तोच आहे, आणि इथल्या किमतींचे आकडे मोठे असल्याने आम्ही तो बहिणीच्या आधी गाठतो. महागाईचा ग्राहकाला झालेला मला माहीत असलेला हा एकमेव लाभ.

माझे कार्ड मार्चमध्ये संपते आहे. ते वॉकर रोडच्याच खिडकीवर, कॅनेडियन ६५ डॉलर भरून, नव्याने घेणार आहे. तुपाची बरणी तळाला लागली असल्याने त्याआधी एकदा लिव्होनियाला फेरी होईलच.